सोयाबीनचा शेंडा पिवळा, शिरा हिरव्या: युरिया टाकूनही फरक का पडला नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातली भारी काळी जमीन, सोयाबीन 25 दिवसांचं, मधे आठवडाभर झड लागून होती. पाऊस उघडल्यावर शेंड्याकडची पानं पिवळी दिसायला लागली, सखल भागात जास्त. तुम्ही एकरी एक पोतं युरिया फेकला, पाच दिवस झाले तरी काही नाही. आता दुकानदार एक बाटली पुढे करतोय, ‘चार दिवसांत काळोखी (गडद हिरवेपणा) येईल’ म्हणतोय. सोबत झाडाचा फोटोही पाठवलात. काय फवारायचं? जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की बांधावरच्या आंब्याची नवी पालवी तांबडी आहे, तीही कशाची कमतरता का?

आधी सरळ उत्तर. युरियाचं दुसरं पोतं फोडू नका. बाटली घेऊ नका. सखल भागातलं पाणी चर काढून बाहेर घाला, वाफसा आला (जादा पाणी निथळून जमिनीत हवा शिरली) की कोळपा मारा आणि मग फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस, सायट्रिक ॲसिडबरोबर फवारा. आंब्याला काहीही झालेलं नाही. घाईत असाल तर एवढ्यावर थांबलात तरी चालेल. पण पुढच्या वर्षी हेच परत होणार, म्हणून कारणही सांगतो.

पान पिवळं दिसतं ते दोन तऱ्हांनी. एकात हिरवा रंग तयारच झालेला नसतो. दुसऱ्यात तयार झालेला हिरवा रंग झाडाने उतरवून घेतलेला असतो. लांबून दोन्ही सारखेच पिवळे दिसतात, पण उपाय अगदी उलटे आहेत. तुम्ही पहिल्या प्रकाराला दुसऱ्याचं औषध दिलंत.

हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते प्रकाशातला निळा आणि लाल भाग शोषतं, हिरवा त्यामानाने कमी शोषतं, म्हणून परावर्तित होऊन आणि पानातून आरपार येऊन आपल्यापर्यंत पोचतो तो हिरवा. पानात पिवळी-नारिंगी द्रव्यंही पहिल्यापासून असतात. हरितद्रव्य भरपूर असलं की ती झाकली जातात. म्हणजे तुमच्या पानांत पिवळेपणा नव्याने शिरलेला नाही, तो होताच. हिरवा कमी पडला म्हणून तो उघडा पडला.

हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला चार बाजूंनी नत्राचे चार अणू धरून असतात. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला 1915 चं नोबेल मिळालं ते वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, त्यातही मुख्यतः हरितद्रव्यावरच्या कामासाठी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही जवळपास असंच कडं असतं, फक्त मधे मॅग्नेशियमच्या जागी लोह. आता गंमत बघा. हरितद्रव्याच्या रेणूत लोहाचा एकही अणू नाही, तरी लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही. ते घडवण्याच्या साखळीतल्या एका टप्प्यावरचं विकर (एन्झाइम) लोह असल्याशिवाय चालत नाही. लोह कमी पडलं की काम तिथेच अडतं. मग मॅग्नेशियम कितीही असो, नत्र कितीही असो, पान हिरवं होत नाही.

नत्र कमी पडलं तर काय होतं? पानातल्या नत्राचा मोठा हिस्सा हरितलवकातल्या प्रथिनांत अडकलेला असतो. झाडाला वर नवी पानं काढायची असतात, त्यासाठी ते खालच्या जुन्या पानातली प्रथिनं मोडतं, नत्र काढून वर पाठवतं, आणि त्या भरात तिथलं हरितद्रव्यही मोडलं जातं. म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची पानं आधी पिवळी होतात, शिरांसकट, सरसकट. मॅग्नेशियमही झाडात असंच हलतं, त्यामुळे त्याची कमतरताही खालूनच दिसते, फक्त तिथे शिरा हिरव्या राहतात. लोहाचं तसं नाही. एकदा जुन्या पानात बसलं की ते सहसा परत निघत नाही. मुळाकडून ताजं आलं तरच नव्या पानाला मिळतं. म्हणून लोहाची कमतरता शेंड्यावर दिसते. जुनी पानं हिरवीगार, वरचं त्रिदल, म्हणजे एका देठावरची तीन पानं, पिवळं, आणि त्यातही शिरांची जाळी हिरवी, कारण जे थोडं लोह पोचतं ते शिरेलगत आधी मिळतं. फार ताणलं तर शेंडा पांढुरका होतो आणि कडा करपतात.

तुमच्या फोटोत नेमकं हेच आहे. खालची दोन त्रिदलं चांगली हिरवी, वरची दोन पिवळी, शिरा स्पष्ट हिरव्या. गंधकाची कमतरताही वरूनच दिसते, पण त्यात शिरासुद्धा फिक्या पडतात, जाळी उठून दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काळ्या जमिनीत लोह नाही का? भरपूर आहे. पिकाची गरज एकरी ग्रॅमांत मोजण्याएवढी आणि जमिनीत लोहाचा साठा टनांत. अडचण अशी की सामू (पीएच) 8 च्या वर गेलेल्या चुनखडीच्या जमिनीत हे लोह विरघळत नाही. सामू एका अंकाने वाढला की विरघळलेलं फेरिक लोह सुमारे हजारपटीने कमी होतं. सोयाबीनचं मूळ यावर उपाय करतं: आसपास आम्ल सोडतं, फेरिक लोहाचं फेरसमध्ये, म्हणजे सहज विरघळणाऱ्या रूपात, रूपांतर करतं आणि ते आत घेतं. जमीन मोकळी, हवा खेळती असेल तर हे निभून जातं. म्हणूनच जूनअखेर तुमचं रान हिरवंच होतं.

झड लागली आणि गणित बिघडलं. जमिनीतले पोकळ भाग पाण्याने भरले. मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वर निसटायला वाट राहिली नाही. तो पाण्यात विरघळून चुनखडीशी भिडला आणि बायकार्बोनेट तयार झालं. मूळ जे आम्ल सोडतं ते हे बायकार्बोनेट जागच्या जागी मारून टाकतं. शिवाय हवेविना मूळच अर्धमेलं. म्हणून पिवळेपणा सखल भागात, बांधाच्या कडेला, जिथे पाणी तुंबलं तिथे जास्त. (भातखाचरात पाणी साचल्यावर उलट लोह जास्त मोकळं होतं, हे खरं आहे. पण ती बहुतेक आम्लधर्मी जमीन आणि भाताचं मूळ वेगळं. कोकणातल्या भातशेतीचा अनुभव इथे लावू नका.)

आता युरियाचं. एका पोत्यात 45 किलो युरिया, म्हणजे साधारण 21 किलो नत्र. त्याचं जमिनीत आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होतं. मूळ नायट्रेट आत घेतं तेव्हा बाहेर अल्कता सोडतं, म्हणजे मुळालगतचा सामू आणखी चढतो. लोहाची टंचाई असलेल्या सोयाबीनला जादा नायट्रेट मिळालं की पिवळेपणा वाढतो. तुमचं पीक युरियाने मरणार नाही, पण तुम्ही त्याची वाट थोडी आणखी अवघड केलीत.

दुसरं नुकसान मुळांवरच्या गाठींचं, ज्यांतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात. आजच एक काम करा. एक रोप खुरप्याने मातीसकट उचला, ओढू नका, गाठी तुटून जमिनीतच राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुवा. मुख्य मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. दोन-चार गाठी नखाने किंवा ब्लेडने कापा. आतून गुलाबी-लाल असेल तर गाठ नत्र स्थिर करते आहे. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आणि त्याच्यातही लोहच असतं. पांढरी असेल तर गाठ अजून कच्ची आहे. हिरवट-करडी आणि मऊ असेल तर संपलेली. 25 दिवसांच्या पिकात काही गाठी नुकत्या गुलाबी व्हायला लागलेल्या असतात. त्याच वेळी आयता युरिया मिळाला की झाड गाठींचं काम आवरतं घेतं.

फवारणीआधी खात्री करून घ्यायची असेल तर अगदी स्वस्तातली चाचणी आहे, आणि मी ती प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा जास्त मानतो. एक लिटर पाण्यात 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि 5 ग्रॅम हिराकस विरघळवा. कापसाच्या बोळ्याने पिवळ्या पानाच्या फक्त अर्ध्या भागाला लावा, मधल्या शिरेच्या एकाच बाजूला, वरून आणि खालून. पाच-सात झाडांना असं करून देठाला दोरा बांधून ठेवा. लोहाचीच अडचण असेल तर आठवड्याच्या आत लावलेली बाजू हिरवी व्हायला लागते, आधी ठिपक्याठिपक्यांनी, आणि दुसरी बाजू पिवळीच राहते. एकाच पानावर दोन रंग दिसले की शंकेला जागा नाही. दोन्ही बाजू पिवळ्याच राहिल्या तर कारण दुसरं शोधायचं.

पानांचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून एकूण लोह तपासणं इथे फसवं ठरतं. पिवळ्या पानातही एकूण लोह पुरेसं, कधी हिरव्यापेक्षा जास्तही निघतं, कारण ते आत निष्क्रिय होऊन पडलेलं असतं. त्यात पानावर धूळ असली की आकडा आणखी फुगतो. कामाचं असतं ते सक्रिय फेरस लोह, आणि ते ताज्या पानातच मोजावं लागतं.

दुसरी कारणंही एकदा नजरेखालून घाला. पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे भडक, वेडेवाकडे चट्टे असतात, शिरांची सुबक जाळी नसते, आणि सुरुवातीला तो सखल भागाच्या हिशेबाने नाही तर रानभर सुटी-सुटी झाडं पकडतो. 2023 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात याने बरंच नुकसान केलं होतं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, त्यामुळे अशी झाडं दिसताक्षणी उपटून नष्ट करायची. तिथे हिराकस उपयोगाचं नाही. झाड मरगळलेलं वाटत असेल तर खोड मधोमध उभं चिरून पाहा. आत लालसर नागमोडी पोखर दिसली तर ती खोडमाशी. तणनाशक मारून आठ-दहा दिवसच झाले असतील तर त्याचाही झटका असू शकतो. इमॅझेथापायरनंतर शेंडा काही दिवस पिवळसर होतो, वाढ थबकते आणि पीक आपोआप सावरतं. तुम्ही तणनाशकाचं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी ते धरलेलं नाही.

भेंडीचा केवडा तर बरोबर उलटा: शिरा पिवळ्या आणि मधलं पान हिरवं. तो विषाणू. उसाच्या खोडव्यात चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, त्यालाही लोक केवडाच म्हणतात, पण ती लोहाची कमतरता. नावावरून औषध घ्यायला गेलात तर फसाल, पान हातात घेऊन शिरा बघा.

आता फवारणी. दहा लिटर पाण्याला 50 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. सायट्रिक ॲसिड आधी पाण्यात टाका, मग हिराकस. क्रम उलटा केला आणि तुमच्या बोअरचं पाणी खारट, चुन्याचं असेल, तर हिराकस पडताच पाणी तांबूस-पिवळं होतं आणि तळाला गाळ बसतो. तो गाळ म्हणजे वाया गेलेलं लोह, पान ते घेत नाही. हिराकस विकत घेतानाच पाहा: खडे फिक्या हिरव्या-निळसर रंगाचे हवेत. पिवळट-तपकिरी पीठ झालेलं असेल तर ते हवेने आधीच खराब झालेलं आहे, फुकट दिलं तरी घेऊ नका. द्रावण लागेल तेवढंच करा, रात्रभर ठेवू नका. सकाळी दव उतरल्यावर किंवा ऊन कललं की फवारा, भर दुपारी मारलं तर कोवळी पानं करपतात. पानांच्या खालच्या बाजूलाही द्रावण पोचू द्या. कीटकनाशक-बुरशीनाशक त्यात मिसळू नका. मजुरी वाचते हे कळतं मला, पण आम्लात कुठलं औषध कसं वागेल याची हमी दुकानदारही देत नाही.

दहा-बारा दिवसांनी दुसरी फवारणी लागेल. कारण फवारलेलं लोह जिथे पडलं तेच पान हिरवं करतं, नंतर फुटलेल्या पानाकडे ते फारसं जात नाही. मधल्या काळात वाफसा आला, मुळं कामाला लागली आणि नवी पानं हिरवीच निघाली तर दुसरी फवारणी सोडून द्या. हिराकसाऐवजी फवारणीचं सूक्ष्म अन्नद्रव्य, ग्रेड-2, मिळालं तर तेही चालतं. जस्ताचीही शंका असेल तर ते बरं.

चिलेटेड लोहाबद्दल, म्हणजे दुसऱ्या रेणूच्या पकडीत धरलेल्या लोहाबद्दल, एक गोष्ट. ईडीटीए प्रकारचं लोह पानावर फवारायला ठीक, पण आपल्या चुनखडीच्या जमिनीत सोडायला निरुपयोगी. सामू साडेसहाच्या वर गेला की त्यातलं लोह सुटतं आणि जागा कॅल्शियम घेतं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकार लागतो, तो चढ्या सामूतही टिकतो. पण तो महाग आहे. मोसंबी, द्राक्ष, डाळिंबात ठिबकमधून दिला तर पैसे निघतात. सोयाबीनला मी तो सांगत नाही.

दुकानदाराच्या बाटलीवर घटक वाचा. ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो, कधी थोडं लोह-मॅग्नेशियम. वाईट काही नाही. पण अशा बाटलीची ख्याती कशी होते ते सांगतो. झड थांबते, शेतकरी बाटली मारतो, त्याच आठवड्यात वाफसा येतो, मुळांना हवा मिळते आणि पीक स्वतःहून हिरवं होतं. श्रेय बाटलीला. हे पडताळायचं असेल तर काहीही फवारताना रानाच्या मधली चार तासं (पिकाच्या ओळी) कोरी सोडा, काठीला फडकं बांधून खूण करा आणि आठ दिवसांनी बघा. हिराकसालाही हाच नियम लावा, मी सांगितलं म्हणून सूट नको.

आणि काळोखीच्या मागे फार लागू नका. हिरवटपणा मोजून नत्र ठरवण्याची पद्धत भातात आहे. पर्णरंग तक्ता पानाशेजारी धरून रंग जुळवायचा आणि फिका निघाला तरच युरिया द्यायचा. तिथेसुद्धा ठरलेल्या पट्टीच्या पुढे गडद करायचं नसतं. जादा नत्राने गर्द झालेलं लुसलुशीत पान मावा-तुडतुड्यांना बोलावतं. स्फुरद कमी असलेलं पीकही निळसर गडद दिसतं, आणि ते खुरटलेलं असतं. शिवाय सप्टेंबरअखेर शेंगा भरून सोयाबीन पिवळं पडायला लागलं की मला पुन्हा फोटो पाठवू नका. तो झाडाने उतरवलेला हिरवा रंग, पानातलं नत्र दाण्यात चाललेलं असतं. त्या वेळी हिरवं करायला फवारलेला पैसा मातीत जातो.

आंब्याची तांबडी पालवी याच्याही पलीकडची. तिथे हरितद्रव्य अजून भरलेलं नाही आणि वरून अँथोसायनिन हे लाल द्रव्य आलेलं आहे. कोवळ्या पानाला तिखट उन्हापासून थोडा आडोसा मिळतो असं मानतात. पान पक्व होत जातं तसा लाल उतरतो आणि हिरवा चढतो. कुसुमाची, पिंपळाची पालवीही अशीच. कपाशीवरचा लाल्या मात्र तक्रारीचाच विषय. रंग तोच, अँथोसायनिनचा, पण तो पक्व पानावर येतो, बोंडं भरताना, नत्र-मॅग्नेशियम कमी पडून आणि रात्री गार झाल्या की. तिथे एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन टक्के युरियाची फवारणी कामाला येते. तुमच्या शेजाऱ्याची कपाशी असेल तर पानाच्या कडाच आधी लाल होऊन मुरडताहेत का ते पाहायला सांगा. तसं असेल तर ते तुडतुड्यांचं काम असायची शक्यता जास्त, पान उलटून खात्री करायची.

पुढच्या हंगामासाठी: उन्हाळ्यात माती तपासताना सामू आणि मुक्त चुना दोन्ही मागा, नुसतं नत्र-स्फुरद-पालाश नको. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर हे दुखणं कायमचं समजा. उपलब्ध लोह 4.5 पीपीएमच्या खाली असेल तर हेक्टरी 25 किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठ-पंधरा दिवस मुरवून पेरणीआधी द्या. नुसतं जमिनीत फेकलं तर काही दिवसांतच ते अडकून बसतं. सखल तुकड्यात बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राने रुंद वरंब्यावर पेरा, म्हणजे झडीचं पाणी सरीतून निघून जाईल. माझ्या मते तुमच्या रानात हिराकसापेक्षा या सरीचाच उपयोग जास्त होईल.

सध्या एवढंच करा: आज चर काढा, अर्ध्या पानाची चाचणी लावा, उरलेला युरिया रब्बीच्या ज्वारीला ठेवा. आठवड्याने त्या दोरा बांधलेल्या पानांचा आणि कापलेल्या गाठींचा जवळून फोटो पाठवा. सावलीत काढा, उन्हात सगळंच पिवळं दिसतं.